आजी, सासू आणि दोन राजांची राणी : गॉयस्विन्था

हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. लोकलमध्ये रेंज गेली, हेडफोन घरी राहिला, तर निदान वाचता यावा म्हणून नेहमीप्रमाणे इथे टाकतेय. बोलतानाचे "अं" आणि "म्हणजे ना" काढलेत. बाकी जसं बोलले तसंच आहे.

सुरुवात एका नात्यापासून करू. आजी आणि सासू ही दोन माणसं असतात, बरोबर? आजच्या गोष्टीत ती एकच बाई आहे.

साल ५७९. ठिकाण टोलेडो, आजच्या स्पेनच्या मधोमध. उत्तरेकडून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून, एक साधारण बारा वर्षांची मुलगी नवरी होऊन येते. तिचं नाव इंगुंड. ज्या राजघराण्यात ती येते तिथली राणी गॉयस्विन्था ही तिच्या आईची आई, सख्खी आजी. आणि तीच राणी इंगुंडच्या नवऱ्याची सावत्र आई. म्हणजे आजी हीच सावत्र सासू! आजी दारातच खूश होऊन नातीला जवळ घेते, असं त्या काळच्या इतिहासकाराने लिहिलंय. आणि पुढच्या काही ओळींतच हीच आजी तिला केसांना धरून जमिनीवर आपटते.

मध्ये नेमकं काय घडलं? आणि जे लिहिलंय ते तसंच घडलं का? आजचा भाग याच्यावर.

हे व्हिसिगॉथ कोण?

व्हिसिगॉथ हे जर्मानिक लोक. ४१० साली ज्यांनी रोम लुटलं ते हेच. पुढे त्यांनी दक्षिण फ्रान्समध्ये राज्य उभारलं, तुलूझ ही त्यांची राजधानी. ५०७ साली फ्रँक लोकांचा राजा क्लोविस याने त्यांना हरवलं आणि तिकडचा बहुतेक मुलूख गेला. मग राज्य उरलं ते मुख्यतः स्पेनमध्ये.

या राज्यात राजा होणं फार धोक्याचं काम होतं. ५३१ ते ५५५ या काळात लागोपाठ चार राजे मारले गेले. वारसाहक्काचा पक्का नियम नाही. ज्याच्यामागे सरदार जास्त, तो राजा. त्यामुळे राजा मेला की राणीचं काय, हा प्रश्न मोठा. तिच्याकडे मेलेल्या राजाची माणसं असतात, नाती असतात, अनेकदा खजिन्यावर पकडही असते. नवा राजा तिला दुर्लक्षून चालू शकत नाही.

गॉयस्विन्थाचा पहिला नवरा अथानागिल्ड. त्याने आधीच्या राजाविरुद्ध बंड करून गादी मिळवली. त्यासाठी पूर्वेच्या रोमन सम्राटाची, म्हणजे बायझंटाइन सैन्याची मदत घेतली. ते सैन्य आलं आणि मग गेलंच नाही, दक्षिणेच्या किनाऱ्यावर ठाण मांडून बसलं. पण अथानागिल्डने एक गोष्ट साधली. ५६७ साली तो टोलेडोमध्ये चक्क नैसर्गिक मृत्यूने गेला.

दोन लेकी, दोन सासरं

या जोडप्याला दोन मुली होत्या, ब्रुन्हिल्डा आणि गॅलस्विन्था. उत्तरेला फ्रँक राज्य तेव्हा भावाभावांत वाटलेलं होतं. धाकटी असावी अशी ब्रुन्हिल्डा आधी गेली, साधारण ५६६ मध्ये, राजा सिगिबर्टकडे. ते लग्न गाजलं. ते बघून सिगिबर्टचा भाऊ चिल्पेरिक याने दुसरीला मागणी घातली. त्याच्याकडे आधीच बायका होत्या. त्या सगळ्यांना सोडीन, असं वचन देऊन त्याने गॅलस्विन्थाला नेलं.

इथे एक प्रथा सांगायला हवी. जर्मानिक लोकांत लग्नानंतरच्या सकाळी नवऱ्याने बायकोला भेट द्यायची असे. आपल्याकडच्या स्त्रीधनासारखी समजा, फक्त देणारा नवरा. चिल्पेरिकने दिली ती पाच शहरं. बोर्डो, लिमोज, काओर आणि पिरेनीज डोंगराच्या पायथ्याची आणखी दोन. बोर्डो म्हणजे आजही फ्रान्समधलं मोठं शहर. मुलीच्या नावावर पाच शहरं!

त्या काळचा कवी वेनान्तियस फोर्तुनातुस याने गॅलस्विन्थावर एक लांब कविता लिहिली. तीत गॉयस्विन्था आहे, पण राणी म्हणून नाही, आई म्हणून. लेकीला निरोप देताना तिचा पाय निघत नाही. ती निघण्याचा दिवस पुढे ढकलत राहते, मग लेकीबरोबर वाट चालू लागते. लोकांना तिला परत फिरवावं लागतं. लेक सासरी निघाल्यावर वेशीपर्यंत पोचवायला जाणारी आई आपल्याला नवी नाही. म्हणून हा प्रसंग वाचताना मला वाटलं, चौदाशे वर्षं मध्ये आहेत की नाहीत?

पुढचं वाईट आहे. चिल्पेरिकची जुनी सोबतीण फ्रेडेगुंड परत आली. गॅलस्विन्थाने तक्रार केली. आणलेला खजिना इथेच ठेवते, मला माहेरी जाऊ द्या, इतकंच मागितलं. त्याने गोड बोलून वेळ काढला आणि मग एका नोकराकडून तिचा गळा आवळून खून करवला. काही दिवसांत फ्रेडेगुंडशी लग्न. ती पाच शहरं पुढे वीस वर्षं भांडणाचं कारण राहिली. ५८७ सालच्या आंदेलोच्या तहात त्यांच्यावर ब्रुन्हिल्डाचा हक्क मान्य झाला, बहिणीचा वारसा म्हणून. आणि तेव्हासुद्धा लगेच हातात आलं ते एकटं काओर.

म्हणजे थोड्याच काळात गॉयस्विन्थाचा नवरा गेला, एक लेक गेली. दुसरी परक्या राज्यात, वैऱ्याच्या शेजारी.

दुसरं लग्न

५६९ च्या सुमारास तिने पुन्हा लग्न केलं. नवरा लिओविगिल्ड. त्याचा भाऊ राजा होता आणि त्याने याला स्पेनचा कारभार दिला होता. लिओविगिल्डला आधीच्या लग्नाची दोन मुलं होती, हर्मेनेगिल्ड आणि रेकारेड.

बिक्लारोचा जॉन नावाचा गॉथ धर्मगुरू त्या काळची नोंदवही लिहीत होता. तो एकाच वाक्यात तीन गोष्टी सांगतो. लिओविगिल्डला राज्य मिळालं, त्याने अथानागिल्डच्या विधवेशी लग्न केलं आणि बंडांमुळे आकसलेलं राज्य पुन्हा जुन्या सीमांपर्यंत नेलं. लग्नाची नोंद राज्यविस्ताराच्या वाक्यात! मला हे फार बोलकं वाटतं. राणी म्हणजे त्या राजाच्या ताकदीचा भाग होता, हे त्या काळच्या माणसाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

लिओविगिल्ड खरोखर जबरदस्त राजा निघाला. आणि पहिली दहा वर्षं गॉयस्विन्थाबद्दल कुणीच काही वाईट लिहीत नाही.

धर्ममताचा घोळ

गॉथ ख्रिस्ती होते, पण आरियन पंथाचे. साधं करून सांगते. कॅथलिक म्हणत, पिता आणि पुत्र समान. आरियन म्हणत, पुत्र पित्यापेक्षा खालचा. आपल्याला हा फरक बारीक वाटेल, पण तेव्हा चर्च वेगळं, बिशप वेगळे. आणि गॉथ हे संख्येने थोडे. राज्यातली बहुतेक जनता जुनी रोमन, कॅथलिक. उत्तरेचे फ्रँक राजेही कॅथलिक.

आता लक्ष द्या. ब्रुन्हिल्डा आणि गॅलस्विन्था आरियन म्हणून वाढल्या. फ्रँकांकडे गेल्यावर दोघी कॅथलिक झाल्या. सासरचं मत घ्यायचं, हा व्यवहार आईला माहीत असणारच. आईने यावरून मुलींशी नातं तोडल्याची नोंद कुठे नाही.

मग ५७९ मध्ये उलट दिशेने नवरी आली. ब्रुन्हिल्डाची मुलगी इंगुंड, हर्मेनेगिल्डची बायको. आता हिने सासरचं, म्हणजे आरियन मत घ्यावं, ही अपेक्षा. पण वाटेत आग्द शहराच्या बिशपने तिला बजावलं होतं, की या पंथाच्या नादी लागू नकोस. आणि बारा वर्षांची पोर ठाम राहिली. माझा बाप्तिस्मा एकदा झालाय, पुन्हा घेणार नाही.

तूर शहराचा बिशप ग्रेगरी सांगतो की आजीने आधी गोडीने समजावलं. मग संतापून तिला केसांना धरून पाडलं, रक्त येईपर्यंत लाथा मारल्या, कपडे काढायला लावून हौदात बुडवलं. इतकंच नाही, ग्रेगरी म्हणतो की राणीच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं आणि ती देवाने दिलेली शिक्षा होती.

साक्षीदार कोण आहे?

इथे थोडं थांबते आणि माझी एक गोष्ट सांगते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमची एक सिस्टीम रात्रभर बंद पडली. कारण शोधून रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. ज्या कोडमुळे घोळ झाला तो एका सिनियर ताईने लिहिलेला दिसत होता. ती कंपनी सोडून गेली होती. मी तिचं नाव लिहून मोकळी झाले. कुणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घेणारी तिथे नव्हतीच. काही महिन्यांनी जुन्या चॅटमध्ये दिसलं की हे असं ठेवू नका, असं तिने दोनदा सांगितलं होतं. माझा रिपोर्ट खोटा नव्हता. त्यातली प्रत्येक ओळ खरी होती. फक्त तो मागे राहिलेल्यांनी लिहिलेला होता.

तेव्हापासून कुठलीही नोंद वाचताना मी आधी बघते, लिहिणारा कुठे उभा होता.

ग्रेगरी कुठे उभा होता? तो कॅथलिक बिशप, शेकडो मैल लांब, फ्रँक राज्यात. आरियन म्हणजे त्याच्या दृष्टीने पाखंडी. आणि त्याच्याच ग्रंथात अशीच आणखी एक गोष्ट आहे. क्लोविसची मुलगी क्लोटिल्डा गॉथ राजा अमालरिककडे दिली होती. ती चर्चमध्ये जाताना तिच्यावर शेण-घाण फेकली, नवऱ्याने मारलं, आणि तिने स्वतःच्या रक्ताने माखलेला कपडा भावाला पाठवला, असं तो लिहितो. कॅथलिक फ्रँक मुलगी, आरियन गॉथ सासर, मारहाण, रक्त. साचा तोच.

याचा अर्थ इंगुंडला त्रास झालाच नाही, असं मी म्हणत नाहीये. बारा वर्षांच्या मुलीवर मत बदलण्यासाठी दबाव आला, हे अगदी शक्य आहे, आणि मारहाण झाली असेल तर ते क्रूरच. पण हौदाचा प्रसंग सांगणारा माणूस तिथे नव्हता. आणि स्पेनमध्ये राहून लिहिणारा जॉन, जो स्वतः कॅथलिक होता आणि ज्याला लिओविगिल्डने हद्दपार केलं होतं, तो या मारहाणीबद्दल एक शब्दही लिहीत नाही. राणीबद्दल त्याला प्रेम नव्हतं, तरीही.

एका शब्दाचं कोडं

जॉन लिहितो ते वेगळंच आहे. त्याच वर्षी हर्मेनेगिल्डने सेव्हिलमध्ये बापाविरुद्ध बंड केलं. कशामुळे? जॉनचा लॅटिन शब्द आहे "फाक्तिओने", राणी गॉयस्विन्थाच्या फाक्तिओने.

याचे दोन अर्थ लावतात. पहिला असा की राणीने केलेल्या भांडणामुळे मुलगा बिथरला. हा ग्रेगरीच्या गोष्टीशी जुळतो. दुसरा असा की राणीच्या गटाच्या पाठिंब्याने मुलगा उठला. म्हणजे ती बंडाच्या बाजूने! लॅटिनमध्ये या शब्दाचा नेहमीचा अर्थ गट, पक्ष, कट असाच आहे. काही इतिहासकार दुसरा अर्थ घेतात तो यामुळेच.

पण जिला लाथा मारल्या तिच्याच नवऱ्याला राणी का पाठिंबा देईल? इथे कुटुंबाचं झाड डोळ्यांपुढे आणा. लिओविगिल्डची दोन्ही मुलं तिची नव्हती. तिचं रक्त गादीवर बसण्याचा एकच रस्ता होता, इंगुंडच्या पोटचं मूल. ते मूल जन्मलं. मुलगा. आणि त्याचं नाव ठेवलं अथानागिल्ड.

गॉयस्विन्थाच्या पहिल्या नवऱ्याचं नाव. लिओविगिल्डच्या घराण्यातलं नाही, जुन्या राजाचं.

नाव हा काही पुरावा नव्हे, हे मान्य. इंगुंडने आईच्या वडिलांचं नाव सहज ठेवलं असेल. पण ज्या राज्यात गादीचा हक्क नात्यांवर मोजला जायचा, तिथे बंडखोर राजपुत्राच्या मुलाला आधीच्या राजाचं नाव देणं म्हणजे जुन्या राजाच्या माणसांना घातलेली साद होती, असं मला वाटतं. मी दुसऱ्या अर्थाकडे झुकते ती यासाठी.

बंडाचा शेवट

लिओविगिल्डने घाई केली नाही. ५८० मध्ये त्याने आरियन बिशपांची सभा घेऊन कॅथलिकांसाठी पंथ बदलणं सोपं केलं, पुन्हा बाप्तिस्म्याची अट काढली. मग सेव्हिलला वेढा घातला. मुलाच्या मदतीला असलेल्या बायझंटाइन सरदाराला तीस हजार सोन्याची नाणी देऊन बाजूला केलं, असं ग्रेगरी सांगतो. ५८४ मध्ये हर्मेनेगिल्ड पकडला गेला आणि ५८५ मध्ये तारागोनात मारला गेला. जॉनने लिहून ठेवलंय की या बंडाने गॉथ आणि रोमन दोघांचं जेवढं नुकसान केलं तेवढं शत्रूच्या हल्ल्यांनीही केलं नव्हतं.

इंगुंड आणि बाळ बायझंटाइनांच्या हाती लागले. सम्राटाकडे नेताना ती वाटेत, आफ्रिकेत वारली. वय विशीच्या आत. लहानगा अथानागिल्ड कॉन्स्टँटिनोपलला पोचला. त्याला त्याच्या आजीने, ब्रुन्हिल्डाने लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. पणजी गॉयस्विन्थाचं मात्र कुणालाही लिहिलेलं एकही पत्र उरलेलं नाही.

आणि तरी ती राणीच राहिली

५८६ मध्ये लिओविगिल्ड वारला. रेकारेड राजा झाला. भावाच्या बंडामागे राणीचं नाव, शिवाय ती सावत्र आई. त्याने काय केलं असेल? तिच्याशी करार केला आणि तिला आई म्हणून स्वीकारलं. हे सांगणारा ग्रेगरीच आहे, आणि कारणही तोच देतो. ती ब्रुन्हिल्डाची आई होती. ब्रुन्हिल्डाचा मुलगा चिल्डेबर्ट आता फ्रँक राजा होता, म्हणजे गॉयस्विन्थाचा नातू. तिच्या सल्ल्याने रेकारेडने उत्तरेला दूत पाठवले. एका फ्रँक राजाने, गुंत्रामने, ते परत पाठवले. चिल्डेबर्टने तह केला. सत्तेच्या बाहेर गेलेली म्हातारी विधवा, पण तिच्या नात्यांशिवाय तह होत नव्हता.

५८७ मध्ये रेकारेड कॅथलिक झाला. त्याच्या मागोमाग राज्य त्या दिशेने चाललं. बऱ्याच आरियन बिशपांनी मत बदललं. गॉयस्विन्थानेही वरवर बदललं. मग ५८८-८९ च्या सुमारास जॉनची नोंद येते. राणी आणि बिशप उल्डिला यांनी रेकारेडविरुद्ध कट केला. प्रार्थनेत मिळालेला कॅथलिक प्रसाद ते घेतल्यासारखं करून टाकून देत होते, तेही उघड झालं. उल्डिलाला हद्दपारी. आणि राणी?

जॉन लिहितो की कॅथलिकांशी कायम वैर धरलेल्या गॉयस्विन्थाने तेव्हा आयुष्याचा शेवट केला. लॅटिनमध्ये हे वाक्य असं आहे की साधा मृत्यू, आत्महत्या, किंवा सभ्य शब्दांत झाकलेली शिक्षा, यातलं काहीही त्यात बसतं. दोन राजांची राणी, आणि शेवटही अर्ध्या वाक्यात.

८ मे ५८९ रोजी टोलेडोमध्ये मोठी धर्मसभा भरली. राज्य अधिकृतपणे कॅथलिक झालं. त्या कागदांवर रेकारेडबरोबर त्याची राणी बाद्दो हिचीही सही आहे. नव्या राणीचा आवाज नोंदवला गेला, कारण ती जिंकलेल्या बाजूला होती.

मग तिचं काय उरलं?

गॉयस्विन्थाची गोष्ट बहुतेक ठिकाणी दोन ओळींत मिळेल. कट्टर आरियन, नातीला छळणारी. खाष्ट सासूची गोष्ट लोकांच्या लक्षात पटकन राहते. तिच्यात दुसरं काही शोधायची गरज वाटत नाही.

पण घटना ओळीने मांडून बघा. साधारण ५६६ ते ५८९ या काळात स्पेन आणि फ्रँक राज्यं यांच्यातलं जवळजवळ प्रत्येक मोठं लग्न, तह आणि भांडण या बाईच्या घरातून जातं. तिच्याकडे सैन्य नव्हतं, पद म्हणजे नवऱ्याचं. तिच्याकडे होत्या लेकी, नाती आणि मेलेल्या नवऱ्याचं नाव. त्यांच्यावर तिने तीन राजांच्या काळात आपली जागा टिकवली. किंमतही त्यांनीच मोजली, तिच्या लेकींनी आणि नातीने. गॅलस्विन्था आणि इंगुंड दोघीही तरुण वयात गेल्या. ब्रुन्हिल्डाने मात्र मुलगा, मग नातू, मग पणतू यांच्या नावाने फ्रँक राजकारण गाजवलं, आणि ६१३ मध्ये म्हातारपणी तिला घोड्याला बांधून ठार केलं. मारणारा राजा फ्रेडेगुंडचा मुलगा होता.

गॉयस्विन्था चांगली होती, असं मला ठरवायचं नाहीये. ती कटात असेल, क्रूरही असेल. मला इतकंच म्हणायचंय की निकाल देण्याआधी साक्षीदार कोण ते बघू.

आणि हो, ऑफिसातला तो रिपोर्ट मी नंतर दुरुस्त केला. एक ओळ काढली, एक घातली आणि त्या ताईला मेसेज करून सांगितलं. गॉयस्विन्थाच्या बाबतीत ते करता येणार नाही. तिने दोनदा काय सांगितलं होतं, ते चॅटमध्ये सापडायचं नाही.

"फाक्तिओने"चा कुठला अर्थ तुम्हाला पटतो? भाग ऐकून झाल्यावर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या वेळी निवडक वाजवेन. पुढचा भाग फ्रेडेगुंडवर. तिच्याबद्दलही बहुतेक सगळं ग्रेगरीनेच लिहिलंय, तेव्हा तयारीत या!